जर आणि तर

दिवाळीच्या अंकात मास्तराने व्याकरण घेऊन बसू नये, हे मला कळते. पुढे फराळाचे ताट असताना धातू आणि प्रत्यय कोणाला रुचणार? पण या सदराचे नेहमीचे वाचक माझी ही खोड सोसत आले आहेत. त्यांनी यंदाही एक चकली संपेपर्यंत कळ काढावी. एका दोन अक्षरी शब्दाने मला गेल्या मे महिन्यापासून भंडावून सोडले आहे. तो शब्द म्हणजे ‘तर’.

‘पाऊस पडला तर’, ‘पगार वेळेवर झाला तर’ यांतला ‘तर’ सर्वांच्या ओळखीचा आहे. आपला सारा मध्यमवर्गीय संसार त्याच्यावरच उभा असतो. पण खाडीच्या काठी वाढलेल्या माणसाला आणखी एक ‘तर’ ठाऊक असते. ती स्त्रीलिंगी. या काठावरच्या माणसांना त्या काठाला नेणारी होडी म्हणजे तर. आणि ती जेथे लागते ती जागाही तरच. ‘तर सुटली’, ‘तरीवर जाऊन बस’, असे आम्ही लहानपणी म्हणत असू. संस्कृतातील ‘तृ’ हा तिचा मूळ धातू. तरणे, तारू, उतार, उतारू ही सारी तिची भावंडे. ‘तीर्थ’ हा शब्दही त्याच घरचा. नदी पार करण्यासाठी उतरावयाची जागा, हा त्याचा जुना अर्थ. म्हणजे काशीला निघालेला यात्रेकरू आणि सकाळची मासळी घेऊन पलीकडे निघालेली बाई, शब्दांच्या कुळात दोघेही भाऊबंदच.

‘पूल’ मात्र आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या आधीचा ‘सेतू’ संस्कृत खरा, पण त्याचा धातू बांधण्याचा आहे, तरण्याचा नव्हे. तर माणसाला पार नेते. सेतू दोन काठांना बांधून टाकतो. वर्गात हा फरक सांगताना मला नेहमी मोठी गंमत वाटे. त्या फरकात जिवंत माणसे अडकलेली असतात, हे मात्र मला या मे महिन्यात कळले, आणि तेही माझ्या आत्याकडून.

आमचे मूळ गाव गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाजवळ, धोपाव्याच्या बाजूला. समोर दाभोळ. मध्ये खाडी. रात्री दाभोळच्या धक्क्यावर कोणी कंदील हलवला तर आमच्या पडवीतून दिसावा, इतके ते जवळ. आणि गाडीरस्त्याने जायचे म्हटले तर चिपळूणवरून साऱ्या खाडीला वळसा घालावा लागावा, इतके ते लांब. माझी आत्या त्या दाभोळला दिलेली. सासरच्या ओट्यावरून जिला रोज माहेर दिसते अशी ती एकटीच बाई मला ठाऊक आहे. ‘दिसतं म्हणून बरं की दिसतं म्हणून वाईट, ते अजून ठरलं नाही,’ असे ती म्हणते.

या खाडीवर पूल व्हायचा आहे, ही बातमी तशी नवी नव्हे. बॅरिस्टर अंतुले 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या मार्गाचे स्वप्न कोकणाने त्यांच्या नावाशी जोडले, ते आजतागायत. पुढे रस्त्याचे तुकडे झाले, लहान खाड्यांवर पूल झाले. पण धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा मोठ्या खाड्यांपाशी आला की हा रस्ता पाण्यात पाय सोडून बसून राहिला. आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तो सुमारे 500 किलोमीटरचा मार्ग पुन्हा हाती घेतला आहे, आणि या मोठ्या खाड्यांवरचे पूल त्यात धरले आहेत.

मधल्या काळात आमची सोय भागवली ती फेरीबोटीने. 2003 साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये मोटारी घेऊन जाणारी बोट सुरू झाली. कोकणात तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. तिचा पुढचा लोखंडी फाळका धक्क्यावर आदळला की आधी माणसे उतरतात, मग स्कूटरी, मग मोटारी. पुण्यामुंबईची मंडळी गाडीतून उतरून कठड्याशी फोटो काढून घेत असतात. शेजारी मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरे, आंब्याच्या पेट्या, एखादी नवी नवरी. पंक्तिभेद कसला तो नाही.

मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा देवळाच्या सभामंडपात पुलाविषयी गावाची बैठक होती. आखणी समजावून सांगायला एक तरुण अभियंता आला होता. मुलगा सालस होता. नकाशा त्याने समईच्या खुंटीला अडकवला, आणि गावाने समईपेक्षा नकाशाकडे अधिक भक्तिभावाने पाहिले. त्याचे बोलणे झाल्यावर सरपंचबाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘मंडळी, पूल हवा की नको, एवढं सांगा. हवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा.’

सर्वांत आधी वर गेलेला हात माझा होता. कारण सांगितले पाहिजे.

1991 सालच्या श्रावणात माझी आजी गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. जंगलजेटी नव्हती, होडीची तर होती, तीही वारा-पावसाच्या मर्जीवर. संध्याकाळी आजीचे जास्त झाले. दाभोळच्या एका दुकानात टेलिफोन होता, तेथे निरोप गेला, आणि निरोप मिळताच आत्या धक्क्यावर येऊन उभी राहिली. पण वारा सुटला होता. उजाडल्यावाचून होडी पाण्यात घालणार नाही, असे तांडेलाने सांगितले. त्याचे चुकले असे आमच्या घरात आजही कोणी म्हणत नाही. त्याच्या होडीत आणखीही कोणाच्या लेकी बसायच्या होत्या. आजीची खाट आम्ही पडवीत आणली. समोर पाण्यापलीकडे एक कंदील दिसत होता. तो आत्याचाच, असे आम्ही आजीला सांगत होतो. खरे तर कोणाचा होता, देव जाणे. आजीने दोनदा विचारले, ‘तर आली का रे?’ पहाटे चारच्या सुमारास तिने विचारणे थांबवले. पहिली तर साडेसहाला आली.

तेव्हा माझा हात वर का गेला, ते कळले असेल. पण दिवाळीच्या दिवशी खोटे बोलू नये. हात वर करताना माझ्या मनात आजी होती, तशीच माझी मोटारही होती. गेल्या गणपतीत धक्क्यावरच्या रांगेत मी दीड तास उकडत बसलो होतो, आणि सौभाग्यवतींनी ‘तुमच्या गावाला पूल नाही का?’ हा प्रश्न मला चार वेळा विचारला होता. हात आजीसाठी किती गेला आणि गाडीसाठी किती, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

सभामंडपात जवळजवळ सारेच हात वर होते. आत्या त्या दिवशी माहेरी आली होती. पंच्याहत्तरी ओलांडली आहे, पण दर पंधरा दिवसांनी ती येते. घरापासून धक्का पाच मिनिटांवर, मग बोट, मग या काठाला दहा मिनिटे चालले की आमचे अंगण. पिशवीत आमच्यासाठी काहीतरी असतेच. ती खांबाला टेकून बसली होती. तिचा हात ना वर होता ना खाली. तो पदराशी चाळा करीत होता.

सरपंचबाईंनी विचारले, ‘आत्या, तुम्हाला नको का पूल? अहो, पाच मिनिटांत माहेरी याल!’

आत्या म्हणाली, ‘कशातून?’

सभामंडपात क्षणभर कोणी बोलले नाही. मग अभियंत्याने तिला नीट समजावून सांगितले. खालून बोटी जायच्या तर पूल उंच हवा. पूल उंच म्हणजे त्याचा चढ लांबून घ्यावा लागतो. तो भर गावातून घेता येत नाही, बाहेरून घ्यावा लागतो. आत्याने विचारले, ‘म्हणजे आधी गावाबाहेर जायचं, मग पूल चढायचा, मग उतरायचा, मग परत गावात यायचं. माझ्याकडे गाडी नाही. मग बोट राहील ना?’ तो म्हणाला, ‘आजी, ते माझ्या नकाशात नाही.’ उत्तर प्रामाणिक होते. मला त्याचा राग आला नाही. त्याने वहीत काहीतरी टिपूनही घेतले.

त्या रात्री मला झोप आली नाही. पूल नसल्याची सर्वांत मोठी किंमत आमच्या घराण्यात जिने दिली, तीच बाई पूल झाल्यावर माहेराला मुकणार, असे दिसत होते. बोटीला मोटारींचे भाडे मिळते म्हणून ती माणसांनाही नेते. मोटारी पुलावरून गेल्या की दहा पायी उतारूंसाठी कोण इंजिन सुरू करणार? बोट बंद करण्याचा हुकूम कोणाला काढावाही लागणार नाही. ती आपली आपण बंद पडेल, आणि तिच्याबरोबर धक्क्यावरचा चहा, वडापाव, रिक्षा आणि बोटीवरच्या खलाशांच्या चुलीही.

पण म्हणून ‘पूल नको’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. शहरात बसून बोटीवर कविता करणे सोपे असते. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या घरांतून बोटीचे कौतुक कोणी सांगू नये. रात्री अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, परीक्षेला निघालेला पोरगा यांना खाडी रम्य वाटत नाही. त्यांना पूल हवा, आणि तो आज हवा.

फक्त पूल झाला म्हणजे तरीचे काम संपले, हा हिशेब मला पटत नाही. शेजारच्या गोव्यात पाहा. मांडवीवर 1970 साली पूल झाला, आणि 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला. तेव्हा पणजीला पोचायला माणसांना पुन्हा फेरीबोटच कामी आली. आज तेथे मांडवीवर एकाला एक लागून तीन पूल आहेत, आणि त्यांच्या सावलीत पणजी ते बेती फेरीबोट अजून ये-जा करते. पायी जाणाऱ्याला तिकीटही पडत नाही. आपल्याकडेही तेच. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. त्याच सावित्रीवर आंबेत आणि म्हाप्रळ यांना जोडणारा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा पलीकडे जाण्यासाठी फेरीबोटच आणावी लागली. पूल म्हातारा होतो, आजारी पडतो. अशा वेळी घरात आत्या असलेली बरी.

आत्याची गोष्ट मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितली. तो कॅनडात असतो. तो म्हणाला, ‘सर, हा प्रश्न इथे एका अख्ख्या बेटाने मतपेटीत टाकला होता.’ मग मी ते सारे शोधून वाचले. प्रिन्स एडवर्ड हे त्या देशाचे एक बेट आणि एक स्वतंत्र प्रांत. मुख्य भूमीशी येणेजाणे बोटीने, आणि थंडीत समुद्रावर बर्फ. बोटीऐवजी पक्का मार्ग हवा का, हे 18 जानेवारी 1988 रोजी तेथील लोकांना मतदानाने विचारण्यात आले. सुमारे 59 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. म्हणजे दर पाच माणसांत दोघांचा नकारच होता. तेथील मुख्यमंत्री जो गिझ यांनी त्या नकाराकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी दहा अटी पुढे ठेवल्या. बोटीवरच्या कामगारांचे काय, मासेमारांचे नुकसान कोण भरून देणार, पुलाच्या खांबांमुळे वसंतात बर्फ वितळायला उशीर तर होणार नाही ना, असल्या त्या अटी. 1997 च्या मे अखेरीस सुमारे 13 किलोमीटरचा तो पूल सुरू झाला, आणि त्याच्या शेजारची बोट बंद झाली. बेटाच्या पूर्वेकडची दुसरी बोट मात्र चालूच राहिली. आणि आत्याचा तो ‘कशातून?’ तेथेही निघालाच असणार. कारण त्या पुलावर पायी किंवा सायकलने जायला मनाई आहे. पण अशा माणसांना पलीकडे पोचवण्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी ठेवलेली आहे.

ते वाचून मला आमच्या सभामंडपातील चूक कळली. सरपंचबाईंचा प्रश्न खोटा नव्हता, अर्धा होता. ‘जर पूल झाला’ एवढेच विचारले गेले. ‘तर’ विचारलाच नाही. शाळेतल्या पोराने ‘जर’ लिहून वाक्य तेथेच सोडले, तर आपण त्याचे गुण कापतो.

आपल्या कायद्यात या ‘तर’साठी जागा नाही असे नाही. ज्या मोठ्या कामांना पर्यावरणाची मंजुरी लागते, त्यांतल्या बहुतेकांसाठी केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेने जनसुनावणी सांगितली आहे. निदान 30 दिवस आधी जाहीर सूचना द्यायची. अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत उपलब्ध करायचा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. माणसे किती आली याची अट नाही. चार आली तरी सुनावणी होते. म्हणून तर ती चुकवू नये. सांगितलेले मुद्दे शेवटी लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचे, असेही त्यात आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट निराळीच: तेथे हात मोजत नाहीत, म्हणणे टिपून घेतात. तेव्हा नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ ओरडून घरी येणे म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता खिशात परत आणणे होय.

आणि हे काम केवळ गावकऱ्यांचे, असेही आपण मुंबईपुण्याच्या मंडळींनी समजू नये. गावच्या बैठकीत चाकरमान्याच्या शब्दाला वजन असते, कधी नको तितके असते. वर्षातून दोनदा मोटारीने येणारा माणूस ‘पूल झालाच पाहिजे’ म्हणाला, की रोज बोटीने जाणारी बाई गप्प बसते. माझ्या हातामुळे आत्याचा हात पदरातच राहिला असेल का, हा विचार मला त्या रात्री फार टोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन आत्यासमोर बसलो. म्हटले, ‘आत्या, तुझं म्हणणं सांग, मी लिहितो. सुनावणी होईल तेव्हा होईल. अर्ज तयार हवा.’ मी आरंभ केला, ‘पिढ्यान्पिढ्या या खाडीच्या लाटांवर हेलकावणाऱ्या...’ आत्या म्हणाली, ‘ते खोड. पहिली ओळ लिही, पूल हवा.’

मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, ‘हवाच. तुझ्या आजीच्या वेळी नव्हता. दुसऱ्या कुणाच्या आजीच्या वेळी असू दे. पण पुढं लिही.’

तिने सांगितले ते एवढेच. पुलावर माणसांना चालायला कठड्याची वाट असावी. या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत, पुलावरून, दिवसातून ठरलेल्या वेळी एसटी असावी, आणि ती सुरू होऊन वर्षभर नीट चालल्याखेरीज बोट बंद करू नये. गाड्या नसल्या तरी पायी माणसांपुरती एक लहान बोट राहावी. बोटीवरच्या आणि धक्क्यावरच्या माणसांना पुलाच्या कामावर आधी घ्यावे. पुलाचे खांब घालताना खारव्यांची जाळी कोठे लागतात ते त्यांनाच विचारावे. नकाशाला पाण्याखालचे दिसत नाही.

एकही विशेषण नव्हते. वीस वर्षे निबंध तपासतो आहे. इतका सरळ मजकूर क्वचितच हाती आला असेल. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहिले. खाली आत्याने सही केली. सही करताना तिने पेन घट्ट धरले होते, आणि नावापुढे तिने गाव लिहिले दाभोळ, मग थोडे थांबून कंसात आमचेही गाव लिहिले.

संध्याकाळी तिला पोचवायला धक्क्यावर गेलो. भरती होती. जंगलजेटीवर सात मोटारी चढल्या, आणि त्यांच्या बाजूने, कठड्याला धरून, पायी माणसे. मी मोजली, एकतीस होती. यापूर्वी कधी मोजली नव्हती. माझे लक्ष नेहमी मोटारींच्या रांगेकडे असे. फाळका वर उचलला गेला, बोट मागे सरू लागली, आणि आत्याने कठड्यावरून मला काहीतरी ओरडून सांगितले. इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही. मी कानाला हात लावला. तिने दोन्ही हात तोंडाशी नेऊन पुन्हा सांगितले:

‘अर्ज दिलास की पोच घे हो!’